घटसर्पाचा फास

ज्या वाचकांचे बालपण खेड्यात गेले असेल, त्यांच्या कानांवर ‘घटसर्प’ हा शब्द प्रथम गोठ्यातच पडला असेल. पावसाळा तोंडावर आला की गाईम्हशींना घटसर्पाची लस टोचून घ्या, अशी सूचना पशुवैद्यकीय दवाखान्यांतून आजही निघते. जनावराचा गळा सुजतो, ते घुरघुरू लागते आणि दिवसा-दोन दिवसांत आडवे होते. माणसाच्या मुलाला होणारा घटसर्प हा निराळाच रोग. त्याचा जंतू निराळा आणि लसही निराळी. परंतु गळा सुजणे आणि श्वास कोंडणे ही दोन लक्षणे पाहणाऱ्याला सारखीच वाटली, म्हणून आपल्या लोकांनी दोहोंना एकच नाव दिले. हिंदीतही तसेच घडले आहे. तेथे ‘गलघोंटू’ हा शब्द म्हशीलाही चालतो आणि मुलालाही. आरोग्यविषयक मजकूर हिंदीतून मराठीत आणताना आम्हा अनुवादकांना या ठिकाणी दोनदा थांबावे लागते. हिंदी परिभाषाकारांनी यातून वाट काढण्यासाठी आयुर्वेदातील कंठरोगांपैकी ‘रोहिणी’ हे नाव उचलले. पण मराठी वाचकाला रोहिणी म्हटले की नक्षत्र आठवते, नाही तर शेजारच्या घरातील मुलगी. तेव्हा आपण घटसर्पच म्हणू, आणि या लेखापुरता तो गोठ्यातला नव्हे, पाळण्यातला समजू.

हा रोग इतिहासजमा झाला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी असती तर फार बरे झाले असते. दिल्ली शहराच्या उत्तर भागात किंग्ज्वे कॅम्प नावाची वस्ती आहे. १९११ च्या दरबाराच्या वेळच्या छावणीचे हे नाव, आणि १९४७ साली फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची मोठी छावणीही येथेच पडली होती. या वस्तीत महर्षी वाल्मीकी संसर्गजन्य रोग रुग्णालय आहे. दिल्ली आणि तिच्या सभोवतालच्या जिल्ह्यांतून, विशेषतः पश्चिम उत्तर प्रदेशातून, घटसर्पाची मुले वर्षानुवर्षे या रुग्णालयात आणली जातात. २०१८ च्या सप्टेंबरात, अवघ्या दोन आठवड्यांच्या आत, तेथे दहाहून अधिक मुले या एका रोगाने दगावली. त्यांपैकी बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. दिल्लीतील मराठी घरांतून गणपती बसले होते, तेच ते दिवस. रुग्णालयात डॉक्टर होते, खाटा होत्या, पेनिसिलिन होते. नव्हते ते घटसर्पाचे प्रतिविष. मुलांच्या वडिलांना ते बाहेरून मिळवून आणा असे सांगण्यात आले, आणि बाहेर तरी ते कोठे मिळणार? ज्या औषधाचा शोध १८९० साली लागला, ते १२८ वर्षांनंतर देशाच्या राजधानीत वेळेवर मिळू नये, ही गोष्ट समजून घ्यायची तर या रोगाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

घटसर्पाचे युरोपीय नाव डिप्थेरिया. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडे किंवा चामडे. तूर शहरातील पिएर ब्रेतोनो या फ्रेंच वैद्याने १८२६ साली हे नाव रोगाला दिले, आणि ज्याने रोग्याचा घसा पाहिला आहे तो या नावाचे मर्म तत्काळ ओळखील. मुलाच्या टाळूवर आणि गिलायूंवर करड्या-पांढऱ्या रंगाचा एक चिवट पडदा धरतो. तो पुसून निघत नाही. ओरबाडू गेल्यास रक्त येते. हाच पडदा खाली श्वासनलिकेपर्यंत उतरला की मूल गुदमरू लागते. स्पेनमध्ये हे मरण इतके परिचयाचे झाले होते की, १६१३ हे वर्ष तेथील इतिहासात ‘फासाचे वर्ष’ म्हणून ओळखले जाते. गुन्हेगाराचा गळा आवळण्याच्या साधनावरूनच स्पॅनिश लोकांनी रोगाला नाव दिले होते. ब्रेतोनोने गळ्याला बाहेरून छिद्र पाडून नळी बसविण्याची शस्त्रक्रिया १८२५ मध्ये यशस्वी करून दाखविली, आणि पुढे न्यूयॉर्कच्या जोसेफ ओड्वायर यांनी तोंडावाटे नळी घालण्याची युक्ती काढली. या दोन्ही उपायांनी काही मुले वाचली. परंतु पुष्कळ मुले श्वास मोकळा होऊनही मरत, आणि ती का मरतात हे कोणालाच उमगत नव्हते.

राजवाड्यांनाही या रोगाने सोडले नाही. व्हिक्टोरिया राणीची कन्या अॅलिस जर्मनीत दार्मश्टाट येथे नांदत होती. १८७८ च्या नोव्हेंबरात तिच्या घरात घटसर्प शिरला. तिची धाकटी मुलगी गेली, आणि आजारी मुलांची शुश्रूषा करताकरता १४ डिसेंबरला ती स्वतःही गेली. उत्तमांतले उत्तम वैद्य उशाशी उभे होते. त्यांच्या हाती काही नव्हते एवढेच.

मुले का मरतात या प्रश्नाचे उत्तर पुढच्या दहा वर्षांत मिळाले. १८८३ मध्ये एडविन क्लेब्स यांनी पडद्यात जंतू पाहिला, आणि दुसऱ्या वर्षी फ्रीडरिश लोफ्लर यांनी तो प्रयोगशाळेत वाढविला. लोफ्लर हे मोठे चिकित्सक गृहस्थ. मेलेल्या प्राण्यांत जंतू केवळ टोचल्या जागी सापडतो, हृदयात किंवा यकृतात सापडत नाही, मग ही इंद्रिये कशाने बिघडली, ही शंका त्यांनी तशीच लिहून ठेवली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एमिल रू आणि अलेक्सांद्र येर्सँ यांनी १८८८ साली तिचे निरसन केले. जंतू गाळून काढलेले निव्वळ पाणी टोचले तरी जनावर मरते, असे त्यांना आढळले. म्हणजे जंतू घशातच बसतो आणि तेथून विष सोडतो. ते विष रक्तावाटे हृदयाला आणि मज्जातंतूंना जाऊन भिडते. घसा बरा झाला, मूल दूधभात मागू लागले, आईने सुस्कारा टाकला, आणि दुसऱ्या आठवड्यात एकाएकी हृदय बंद पडले, अशा हकिगती जुन्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकू येत. त्यांचे कारण हे विष होय. (या कथेला आणखी एक पुरवणी १९५१ साली जोडली गेली. घटसर्पाचा प्रत्येक जंतू विषारी नसतो. ज्या जंतूला स्वतःलाच एका विशिष्ट विषाणूची बाधा झालेली असते, तोच विष बनवतो.)

विषाला उतारा शोधण्याचे काम बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि जपानहून आलेले शिबासाबुरो कितासातो यांनी केले. जनावराला थोडेथोडे विष देत गेले, तर त्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारा पदार्थ तयार होतो, आणि ते रक्तजल दुसऱ्या प्राण्याला दिले तर तोही वाचतो, असे त्यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केले. हेच प्रतिविष. १९०१ साली वैद्यकाचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक यासाठी दिले गेले, ते मात्र एकट्या बेहरिंग यांना. कितासातोंचे नाव त्यात का नव्हते, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला ते न्यायाचे वाटत नाही, इतके म्हणून पुढे जाऊ.

प्रतिविष मुलांच्या रुग्णालयांना पुरवायचे तर सशा-उंदरांचे रक्त पुरणार नव्हते. रू यांनी घोडे निवडले. घोड्याला कित्येक आठवडे विषाच्या वाढत्या मात्रा टोचायच्या, मग त्याचे रक्त काढून त्यातील रक्तजल शुद्ध करायचे, ही पद्धत त्यांनी बसवली. पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात घटसर्पाच्या निम्म्याहून अधिक मुलांचा मृत्यू होत असे; प्रतिविषाने ते प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्यावर आले, असे त्यांनी १८९४ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत सांगितले. फ्रान्समधील ‘ल फिगारो’ या वृत्तपत्राने घोडे आणि तबेले यांसाठी वर्गणी उघडली आणि लोकांनी ती भरभरून दिली. घोड्याच्या रक्ताने मुले वाचतात हे लोकांच्या मनाने इतक्या सहज स्वीकारले, याचे नवल वाटते. धोके नव्हते असे नाही. १९०१ मध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथे प्रतिविष देणाऱ्या एका घोड्याला धनुर्वात झाला होता. त्याचे रक्तजल टोचल्याने तेरा मुले दगावली. त्यावरूनच पुढच्या वर्षी त्या देशात लशी आणि रक्तजले यांच्या तपासणीचा कायदा झाला.

येथे प्रतिविषाची एक मर्यादा लक्षात घ्यावी. लेखाचा पुढचा सारा भाग तिच्यावर उभा आहे. प्रतिविष केवळ रक्तात फिरणारे मोकळे विष पकडू शकते. जे विष पेशीत शिरले त्याच्यावर त्याचा काही इलाज चालत नाही. म्हणून ते पहिल्या-दुसऱ्या दिवशी दिले तर मूल बहुधा वाचते. चौथ्या-पाचव्या दिवशी दिले तर वाचेलच असे नाही. पेनिसिलिन जंतूला मारते, पण आधीच सुटलेल्या विषाचे काही करू शकत नाही. एकूण, हा सारा तासांचा हिशेब आहे.

दुसरा उपाय अगदी वेगळ्या दिशेने आला. घोड्याने बनवलेले प्रतिविष मुलाला देण्याऐवजी मुलालाच ते बनवायला शिकवले तर? त्यासाठी विष द्यावे लागेल, पण मारक नसलेले. पाश्चर संस्थेतील गास्ताँ रामाँ यांनी १९२३ मध्ये घटसर्पाच्या विषात थोडे फॉर्मॅलिन मिसळून ते काही आठवडे उबेत ठेवले. त्यातील मारकता गेली. ओळख मात्र शिल्लक राहिली. हे मारलेले विष टोचले की शरीर खऱ्या विषावरील उतारा आपल्या घरीच तयार करून ठेवते. साऱ्या जगातील बालके आज घटसर्पाची जी लस घेतात, तिचे मूळ हेच.

तिचा परिणाम पाहायचा तर ब्रिटनचे उदाहरण घ्यावे. तेथे लसीकरणाची राष्ट्रीय मोहीम १९४० मध्ये, युद्ध चालू असतानाच, सुरू झाली. त्या वर्षी ६१,००० हून अधिक लोकांना घटसर्प झाला होता आणि ३,२८३ मृत्यू पावले होते. १९५७ साली रोगी ३८ आणि मृत्यू ६. सतरा वर्षांत एक रोग जवळजवळ नाहीसा झाला.

आपल्याकडे मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून रक्तजले बनविण्याचे काम दीर्घकाळ केले. पुण्याच्या पूनावाला यांच्या घोडेपैदास केंद्रातून निवृत्त घोडे हाफकिनला दिले जात. ते रक्तजल आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट निघाली, आणि आज जगातील कितीतरी बालकांना टोचली जाणारी घटसर्पाची लस पुण्यातच तयार होते. सरकारी पातळीवर १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. त्यात घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिघांवरची त्रिगुणी लस होती. १९८५ पासून तो सार्वत्रिक झाला आणि पुढे तिच्या जागी बाळाच्या पहिल्या वर्षात पाच रोगांची एकत्रित लस आली. दिल्लीत आणि महाराष्ट्रात आजच्या आईबापांनी घटसर्पाचे मूल पाहिलेले नाही, ते या कामामुळे.

आता किंग्ज्वे कॅम्पकडे परत जाऊ. रोग मागे हटला तसे प्रतिविषाला गिऱ्हाईक उरले नाही. ते बनवायचे म्हणजे घोडे पाळायचे, महिनोन् महिने त्यांना टोचायचे, रक्तजल शुद्ध करायचे आणि कुप्या भरायच्या. मग त्या न वापरता मुदत संपून फेकून द्यायच्या. देशोदेशीच्या कारखान्यांनी हा उद्योग एकेक करून सोडला. आपल्याकडे हिमाचलातील कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्था, १९०५ मध्ये स्थापन झालेली, हे प्रतिविष पुरवीत असे. २०१८ मध्ये तिचा दिल्लीला होणारा पुरवठा खंडित झाला होता. घोड्याला हुकूम देऊन आठवड्याभरात प्रतिविष मागवता येत नाही. ज्यांना साठ्यावर लक्ष ठेवायचे होते त्यांनी ते ठेवले नाही, हे उघड आहे, आणि शासनाच्या आश्रयाने निघणाऱ्या पानांतही ते स्पष्ट लिहिले पाहिजे.

परंतु हा दोष केवळ आपल्या कारभाराचा, असे मानून स्वस्थ बसता येणार नाही. २०१५ साली स्पेनच्या कातालोनिया प्रांतात सहा वर्षांच्या एका मुलाला घटसर्प झाला. त्याला लस दिलेली नव्हती. जवळजवळ तीस वर्षांत त्या देशात हा रोग झाला नव्हता, आणि प्रतिविषाची एक कुपीही नव्हती. ती रशियाहून आणावी लागली. मूल वाचले नाही. ज्या देशाने एकेकाळी ‘फासाचे वर्ष’ अनुभवले, त्यालाच त्या फासावरचा उतारा परदेशातून मागावा लागला! त्या मुलाच्या सहवासातील काही मुलांच्या घशातही तोच जंतू सापडला. पण त्यांनी लस घेतलेली असल्याने त्यांच्यापैकी कोणीही आजारी पडले नाही.

या शेवटच्या वाक्यावर वाचकांनी थोडे थांबावे. लस विषाला निष्प्रभ करते. जंतूला घशात येण्यापासून ती हमखास अडवीत नाही. लस घेतलेला धडधाकट मुलगा जंतू बाळगून शाळेत जाईल, खेळेल, आणि त्याला काही होणार नाही. पण त्याच्या शेजारी बसलेल्या, लस न घेतलेल्या मुलाला मात्र तो जंतू भिडेल. ‘आजूबाजूच्या सर्वांनी लस घेतली आहे, मग आमच्या एकट्या मुलाने घेतली नाही तर काय बिघडले,’ हा हिशेब घटसर्पाच्या बाबतीत नीट बसत नाही. आणि असे मूल आजारी पडले, तर त्याची स्थिती एका अर्थाने १९०० सालच्या पॅरिसमधील मुलापेक्षाही कठीण असते. त्या मुलाच्या रुग्णालयात निदान प्रतिविषाच्या कुप्या भरलेल्या होत्या, आणि तेथील डॉक्टरांनी असे शेकडो घसे पाहिलेले होते. आजच्या तरुण डॉक्टराने घटसर्प बहुधा पुस्तकात पाहिलेला असतो. तो साधी घसादुखी समजून दोन दिवस गोळ्या देतो, आणि ते दोन दिवसच मोलाचे असतात.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर लसीकरणाची घडी विस्कटली, तेव्हा १९९० नंतरच्या दशकात तेथील देशांत दीड लाखाहून अधिक लोकांना घटसर्प झाला आणि सुमारे ५,००० मृत्यू पावले. त्यांत प्रौढ माणसे पुष्कळ होती. २०१६ मध्ये केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात साथ आली. २०१८ साली जगभरात जेवढे रोगी नोंदले गेले, त्यांपैकी निम्म्याच्या आसपास भारतातील होते. रोग लहानग्यांतून थोड्या मोठ्या मुलांकडे सरकला आहे, असेही डॉक्टर सांगतात. त्याचे कारण कठीण नाही. पहिल्या तीन मात्रांनी आलेली शक्ती कालांतराने ओसरते, आणि पुढच्या मात्रा आपण चुकवतो.

त्या का चुकतात? बाळाच्या पहिल्या टोचणीला आजी, आत्या, मावशी सारे घर केंद्रावर लोटते. रात्री बाळाला ताप येतो, मांडी सुजते, सारे घर जागते. (तो ताप बहुतांशी लशीतील डांग्या खोकल्याच्या भागामुळे येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो.) दीड वर्षाच्या मात्रेची वेळ येईपर्यंत बाळ दुडुदुडु धावू लागलेले असते, आईची नोकरी सुरू झालेली असते, आणि त्या तापाची आठवण ताजी असते. मग ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे ठरते. पाच वर्षांच्या मात्रेचे नाव तर पुष्कळ घरांत कोणी ऐकलेलेही नसते. शिकलेल्या घरांतही हे चालते, हे आम्ही दिल्लीत पाहतो. पश्चिम उत्तर प्रदेशातील विटभट्टीवरच्या मजुराने मात्रा चुकवली तर त्याच्या पायांखालची जमीन तरी हंगामागणिक बदलत असते; सरकारी वसाहतीत राहणाऱ्यांना ते कारण सांगता येत नाही.

राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणे पाच रोगांची एकत्रित लस बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांनी द्यायची असते. त्रिगुणी लशीची पहिली वर्धक मात्रा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, दुसरी ५ ते ६ वर्षांच्या वयात. पुढे १० आणि १६ व्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांची जोडलस, आणि गरोदर स्त्रीलाही तीच. सरकारी केंद्रात हे सर्व विनामूल्य मिळते. मध्ये एखादी मात्रा राहून गेली असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, ही समजूत चुकीची आहे. जेथे थांबलो तेथून पुढे जायचे असते. वर्षाच्या आत एकही मात्रा मिळाली नाही, तरी सात वर्षांपर्यंत त्रिगुणी लस देता येते, आणि त्यानंतर जोडलस. ज्याला घटसर्प होऊन गेला आणि जो वाचला, त्यालाही लस घ्यावी लागते, कारण या रोगाने आलेली प्रतिकारशक्ती पुरेशी असेलच असे नाही.

बदलीच्या नोकरीत फिरणाऱ्या कुटुंबांकडून एक प्रश्न वारंवार येतो: मूल पुण्यात जन्मले, पहिल्या मात्रा तेथे झाल्या, आता दिल्लीत अथवा भोपाळात आलो, तर पुढच्या मात्रा येथे मिळतील काय? मिळतात. लशीचे वेळापत्रक देशभर एकच आहे. माता व बाल संरक्षण कार्ड मात्र सामानात तळाशी न ठेवता हातच्या पिशवीत ठेवावे. ते हरवले असेल तरी केंद्रावर जावे; कोणती मात्रा झाली याची खात्री नसल्यास डॉक्टर पुन्हा देणे पसंत करतात, आणि एखादी मात्रा जास्त झाल्याने सहसा हात दुखण्यापलीकडे काही होत नाही. दिल्लीत घटसर्पाचे रोगी पावसाळा संपताना, ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात अधिक येतात. ज्यांच्या मुलाची पाच वर्षांची मात्रा राहिली आहे, त्यांनी ती त्यापूर्वी उरकून घ्यावी.